मंडईच्या पोटातले स्टेशन
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात व्याख्यान म्हटले की संतसाहित्य, शिवकाल, नाही तर मधुमेह यांपैकी काहीतरी ऐकायला मिळणार, अशी आपली तयारी असते. यंदा समितीने मला पकडले. मी पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेला पदविकाधारक माणूस. नोकरीची बावीस वर्षे रूळ, पूल आणि रुळांखालचे भुयारी रस्ते यांच्यामागे गेली. बोलण्यापेक्षा मोजमाप पुस्तिका भरणे मला सोपे वाटते. पण सचिव म्हणाले, "तुम्हाला जे येते तेच बोला, लोकांना आवडेल." आवडेल की नाही ते शेवटी कळेलच.

विषय घेतला आहे पुण्याच्या मंडईखालच्या मेट्रो स्टेशनचा. एक तर इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतली मुले पुण्यात आहेत आणि वर्षातून एकदा तरी आझाद हिंदने आपली वारी होतेच. दुसरे म्हणजे मंडई हे गणपतीचेच गाव. मंडईतल्या लोकमान्यांच्या पुतळ्याला हार घातल्याशिवाय पुण्याची विसर्जन मिरवणूक निघत नाही. तो पुतळा १९२४ मध्ये बसला. अनावरण पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले होते. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गणपती तिथलाच, दगडूशेठ हलवाई गणपती तिथून हाकेच्या अंतरावर आणि तुळशीबागही जवळच. एवढ्या दाटीत, वरचा भाजीबाजार चालू ठेवून, खाली आगगाडीचे स्टेशन बांधायचे म्हणजे काय, हे आम्हा रेल्वेवाल्यांना जरा जास्त कळते.

आधी मंडईविषयी थोडे. ती दगडी अष्टकोनी घाटाची इमारत १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून 'रे मार्केट'. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा बाजारावर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. पुण्याचा स्वभाव ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

आता मेट्रो. भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले आणि पहिली गाडी ६ मार्च २०२२ रोजी धावली. पिंपरी-चिंचवडकडून येणारा मार्ग कृषी महाविद्यालयाजवळ जमिनीत शिरतो. मग शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट अशी पाच स्टेशने भुयारात आहेत. भुयारी मार्ग साधारण सहा किलोमीटरचा. वाटेत मुठा नदीही खालून ओलांडायची. जिल्हा न्यायालयाचे स्टेशन ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी पुरावी तसे. मंडईचा टप्पा २६ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू व्हायचा होता, पण पावसाने असा घोळ घातला की समारंभच रद्द झाला आणि २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन उरकले. जमिनीखालच्या गाडीला आभाळाने अडवले, याची पुण्यात बरीच चेष्टा झाली.

माझे नागपूरचे मित्र नेहमी विचारतात, "आमच्याकडे एकही स्टेशन जमिनीखाली नाही, मग पुण्याचे एवढे लाड का?" उत्तर सोपे आहे. वर्धा रोड रुंद आहे. तिथे एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा तीन किलोमीटरहून लांब दुमजली पूल उभा करता आला. पुण्याच्या पेठेत खांब कुठे रोवणार? वाड्याच्या ओसरीवर? जागा मिळाली असती तर कोणीही शहाणा माणूस जमिनीखाली गेला नसता, कारण खर्च. पुण्याच्या पहिल्या दोन मार्गांना, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटरना, ११,४२० कोटी रुपयांची मंजुरी होती आणि त्यातला बहुतेक भाग खांबांवरचा आहे. मुंबईची कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रो जवळजवळ तेवढ्याच लांबीची, साडेतेहतीस किलोमीटर, पण सत्तावीसपैकी सव्वीस स्टेशने जमिनीखाली. तिचा खर्च ३७,००० कोटींच्या वर गेला. काळ वेगळा, शहर वेगळे, तरी फरक दिसतो.

काम कसे होते ते आता आपल्या भाषेत सांगतो. रुळांखालून रस्ता काढायचा असतो तेव्हा आपण गाड्या बंद करत नाही. बाजूला खड्डा खणून काँक्रीटचा चौकोनी डबा ओततो. त्याच्या मागे भक्कम काँक्रीटची पाठ बांधतो आणि तिला टेकवून लावलेल्या जॅकनी तो डबा रुळांखाली इंच इंच ढकलतो. पुढच्या धारेशी मजूर माती काढत असतात, वरून ताशी वीस किलोमीटरने मालगाडी जात असते आणि आमचे प्राण कंठाशी आलेले असतात. याला आम्ही बॉक्स पुशिंग म्हणतो. माझ्या सहकाऱ्यांनी अशा कित्येक रात्री काढल्या आहेत. त्यांच्या घरच्यांनाही ते ठाऊक आहे.

भुयार खणणारे यंत्र, टीबीएम, म्हणजे याच कल्पनेचे थोरले भावंड. पुण्यात अशी तीन यंत्रे होती. नावे मुळा, मुठा आणि पवना. व्यास साधारण साडेसहा मीटर. तोंडाशी फिरणारी चकती खडक फोडते, चुरा मागे पट्ट्यावरून निघून जातो. यंत्राच्या शेपटीशी काँक्रीटचे वळणदार तुकडे जोडून पूर्ण कडे बसवले जाते. मग त्याच कड्यावर जॅक टेकवून यंत्र पुढे सरकते. म्हणजे पाठ बांधायला वेगळी जागा नको. स्वतःच बांधलेल्या भिंतीवर पाय रोवून चालायचे. कडे आणि खडक यांच्यातल्या फटीत लगेच ग्राउट भरतात. ही फट रिकामी राहिली तर वरची जमीन बसते, म्हणून खरी काळजी या भरावाची असते. शेवटचे यंत्र ४ जून २०२२ रोजी कसबा पेठेत बाहेर आले आणि बोगद्यांचे काम संपले.

हे झाले बोगद्याचे. स्टेशन मात्र यंत्राने होत नाही, ते वरून खणावे लागते. मुंबईत गिरगाव आणि काळबादेवीला रस्ते एवढे अरुंद की तेही जमेना. तिथे लहान विवरातून खाली उतरून आतल्या आत खडक कोरला आणि उघड्या पडलेल्या खडकावर लगोलग काँक्रीट फवारले. गिरगावातच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्याच गिरगावात मेट्रोसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांना त्याच भागात घरे देण्याचे ठरले होते. चाळीतला माणूस चाळ सोडून जातो तेव्हा त्याच्याबरोबर गणपतीचा एक कार्यकर्ताही जातो. हा हिशेब कुठल्याही अंदाजपत्रकात मी आजवर पाहिलेला नाही. पुण्यातही कसबा पेठेतली कुटुंबे हलली.

आता या विषयाशी माझा घरचा संबंध काय तो सांगतो. माझी आत्या शुक्रवार पेठेत राहते. वाडा दगड-विटांचा, मातीच्या गिलाव्याचा, लाकडी तुळयांचा. भाडेकरू जवळजवळ सगळे निघून गेले. आत्या आणि वरच्या माळ्यावरची एक शिवणकाम करणारी बाई, एवढीच वस्ती उरली आहे. बोगद्याचे काम जवळ येते आहे असे कळल्यावर तिचा फोन आला. "अरे, हे लोक घराखालून जाणार म्हणे. तू त्या खात्यातलाच ना? खरे सांग, राहू की निघू?"

मंडळी, असा प्रश्न साहेबाने विचारला तर नियमावली दाखवून उत्तर देता येते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याला काय दाखवणार? त्यातच कोलकात्याची गोष्ट ताजी होती. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तिथे बोबाजार भागात यंत्राने जमिनीखालचा पाण्याचा साठा फोडला. पाणी आणि गाळ बोगद्यात शिरला, वरची जमीन खचली, जुनी घरे कोसळली आणि शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावे लागले. आत्याने ती बातमी वाचलेली होती. वर्तमानपत्र ती जाहिरातींसकट वाचते.

मी रजा काढून गेलो. तिला सांगितले की कोलकाता गंगेच्या गाळावर बसले आहे आणि तुझा वाडा काळ्या पाषाणावर. पुण्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. भाताच्या ढिगात हात घालणे वेगळे आणि जात्याच्या पाळूला भोक पाडणे वेगळे. तिला जात्याचे पटले. पण नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी ती नव्हे. तेव्हा आपल्याकडे जुन्या पुलांवर करतात तेच केले. भिंतींना तीन जुन्या भेगा होत्या. प्रत्येक भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने बसवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. हलली नाही तर काच तशीच राहते. यात वशिला चालत नाही.

मेट्रोचेही असेच पण मोठ्या प्रमाणावर असते. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींची आधी पाहणी होते, जुन्या भेगांचे फोटो काढतात. भेगमापक, कलमापक, जमीन किती बसली ते सांगणाऱ्या खुणा, पाण्याची पातळी मोजणारी नळी, हे सगळे लावून रोज नोंदी घेतात. ठरावीक आकडा ओलांडला की काम थांबवून आधी कारण शोधायचे. पण त्या यंत्राच्या नोंदी साइट ऑफिसात जातात. आत्याची काच तिच्या देवघराच्या भिंतीवर होती. रोज पूजा झाली की ती चष्मा लावून काच पाहायची आणि रात्री फोनवर मला सांगायची, "आज तिन्ही शाबूत." आमच्या रात्रपाळीच्या पर्यवेक्षकानेही इतक्या नेमाने कळवले नसते.

यंत्र त्या भागातून गेले त्या दिवसांत तिला जमिनीतून बारीक घरघर जाणवली. तांब्यातले पाणी थरथरलेले तिने पाहिले. काचा तडकल्या नाहीत. पुढच्या वर्षी जुलैत एक तडकली, पण तेव्हा खाली कोणतेही काम नव्हते. पन्हाळ फुटून भिंतीत पाणी मुरले होते. तेव्हा वाड्याचे खरे वैरी पाणी आणि दुर्लक्ष. पन्हाळ बदलून घेतली.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. रायपूरकर मला भेटले की पहिला प्रश्न असतो, "साहेब, तुमच्या अंडरब्रिजमध्ये पावसात पाणी का भरते?" मंडळी, खोलगट जागा म्हटली की पाणी येणारच. प्रश्न असतो ते किती येऊ द्यायचे आणि किती लवकर काढायचे याचा. भुयारी स्टेशनात यासाठी दाराशीच चार पायऱ्या चढायला लावतात आणि मग खाली उतरवतात. लोक कुरकुरतात, "खाली जायला वर कशाला चढायचे?" त्या चार पायऱ्या म्हणजे पुराविरुद्धचा बांध आहे. हा बांध पुरा नसला की काय होते ते मुंबईत दिसले. वरळीचे आचार्य अत्रे चौक स्टेशन १० मे २०२५ रोजी प्रवाशांसाठी उघडले आणि २६ मे रोजीच्या पावसात, काम चालू असलेल्या एका प्रवेशमार्गाची संरक्षक भिंत कोसळून, पाणी थेट आत शिरले. अत्र्यांच्या हयातीत असे घडते तर दुसऱ्या दिवशीच्या 'मराठा'त आम्हा इंजिनिअर लोकांची काय अवस्था झाली असती, याची कल्पनाही करवत नाही.

आणि आग. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्याखाली पेटत्या काडीने आग लागली आणि ३१ माणसे गेली. तेव्हापासून जगभर भुयारी स्टेशनांतून लाकूड गेले. धूर ओढणारे मोठे पंखे आले. मंडई स्टेशनातही उद्घाटनानंतर तीनच आठवड्यांनी, २० ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री आग लागली. वेल्डिंगचे काम चालू होते आणि जवळच्या फोमने पेट घेतला. गाड्या बंद झालेल्या होत्या, अग्निशमन दल लगेच पोहोचले, कोणाला इजा झाली नाही. मला यातली काळजीची बाब वेगळीच वाटते. स्टेशन उघडल्यावरही आत ठिणग्या उडवणारी कामे शिल्लक होती. उद्घाटनाची तारीख आणि काम पूर्ण होण्याची तारीख या दोन्ही एकच असाव्यात, असे आम्हा खालच्या इंजिनिअरांचे फार जुने मागणे आहे. यापुढे या विषयावर न बोललेले बरे, अजून बरीच नोकरी बाकी आहे.

आता फळाकडे येऊ. २०२५ हे मंडईचे स्टेशन चालू असलेले पहिले गणेशोत्सवाचे वर्ष. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, सकाळी सहाला मेट्रो सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत चालूच राहिली. सलग ४१ तास. ज्यांनी रुळांची देखभाल केली आहे त्यांना यातला घाम कळेल. रात्री गाड्या बंद असतात तेव्हाच आपली माणसे रुळांत उतरू शकतात. ती रात्रच काढून घेतली की सगळी तपासणी आधी आणि नंतर बसवावी लागते. माझा मामेभाऊ निगडीच्या बाजूला राहतो. तो सांगत होता की पूर्वी गणपती पाहायला यायचे तर गाडी कुठे लावायची या चिंतेतच निम्मा उत्साह संपायचा. त्या वर्षी तो म्हाताऱ्या आईला घेऊन कसब्याला उतरला, चालत चालत एकेक मानाचा गणपती पाहिला आणि मंडईतून परत गाडीत बसला. मामींनी बारा वर्षांनी कसबा गणपती पाहिला.

तरी सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः मंडई स्टेशनच्या दाराशी अर्धा तास उभा राहून पाहिले. नोकरदार, विद्यार्थी, पिशव्या घेतलेल्या सुना, सगळे सरकत्या जिन्याने वर येत होते. पहाटे टोपली घेऊन येणारी भाजीवाली मात्र टेम्पोनेच येते. पहिली मेट्रो सुटते तोवर तिची मेथी विकायला लागलेली असते, आणि एवढे ओझे घेऊन तिला आत सोडणार कोण? मुंबईच्या लोकलला मालडबा आहे, त्यात कोळणीपासून डबेवाल्यांपर्यंत सगळे बसतात. मेट्रोत असा डबा ठेवायचे कोणाच्या मनात आले नाही. भाजीबाजाराच्या दाराशी स्टेशन बांधून भाजीलाच जागा नाही, हे मला खटकते.

शेवटी आपल्या रायपूरचे. मेट्रोची चर्चा इथेही अधूनमधून उठते आणि मग कोणीतरी मला विचारतो, "जयस्तंभ चौकाखाली स्टेशन होईल का?" तांत्रिक उत्तर द्यायचे तर होईल. व्यवहाराचे उत्तर असे की आपल्या शहराला आज ते परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. शास्त्री चौकातला पादचाऱ्यांचा स्कायवॉक आठवा. त्याचे काम थांबल्यावर लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे डोक्यावर उभा राहिला. वरचे अर्धवट काम निदान दिसते तरी. खालचे अर्धवट राहिले तर तो खड्डा मालवीय रोडला गिळून टाकील. कोलकात्याची पहिली मेट्रो आपल्या भारतीय रेल्वेनेच बांधली. पायाभरणी १९७२ ची आणि पहिली गाडी धावली १९८४ ला. चौरंगीच्या दुकानदारांच्या एका पिढीने ते खड्डे पाहिले.

पण आज नाही म्हणजे कधीच नाही असे नव्हे. तीस-चाळीस वर्षांनी कोणीतरी इथे खणेलच. तेव्हा त्याला खाली काय मिळेल? पुण्याचा सलग काळा पाषाण नाही. आपल्याखाली चुनखडक आणि शेल आहे. एवढे सिमेंटचे कारखाने छत्तीसगडमध्ये उगाच आले नाहीत. चुनखडकात पाणी वाट करते, पोकळ्या होतात. वर लाल मुरूम आणि काळी माती. त्यात रायपूर हे तलावांचे गाव. बुढा तलाव आहे म्हणून दिसतो, पण रजबंधा तलाव बुजला आणि आता नावापुरते मैदान उरले. असे आणखी किती बुजले, आणि गोलबाजार, सदरबाजार, बुढापारा या भागांत दुकानांच्या आणि घरांच्या खाली किती विहिरी झाकल्या गेल्या, याचा एकत्र नकाशा निदान माझ्या पाहण्यात आलेला नाही. स्वारगेटला २०१९ मध्ये खणताना जुने भुयारी पाणीमार्ग निघाले तेव्हा तिथले इंजिनिअरही चकित झाले होते.

म्हणून माझे एक मागणे आहे आणि ते करण्यासाठीच मी व्याख्यानाला हो म्हटले. इथे सत्तरी ओलांडलेली बरीच मंडळी बसली आहेत. कोणी बुढापाऱ्यात लहानाचे मोठे झाले, कोणाच्या वडिलांचे गोलबाजारात दुकान होते. तुमच्या अंगणात विहीर होती का, ती नेमकी कुठे होती, कधी बुजवली, उन्हाळ्यात पाणी किती हातांवर लागायचे, कोणत्या तलावात तुम्ही पोहायला शिकलात आणि आज तिथे काय उभे आहे, एवढे मला सांगा. मी एक वही केली आहे आणि शहराचा मोठा नकाशा मागच्या टेबलावर पसरून ठेवला आहे. आतापर्यंत त्यावर अकरा खुणा झाल्या आहेत. आरतीला अजून वीस मिनिटे आहेत. प्रसाद घेण्याआधी त्या टेबलापाशी या. पेन्सिल ठेवलेली आहे.